पुढच्या महिन्याचा हक्क आणि या महिन्याचे देणे : ‘कॅलेंडर स्प्रेड’मधील असाइनमेंटचा धोका

संस्थेच्या रविवारच्या अभ्यासवर्गात आम्ही अंकगणित व वाणिज्य शिकवितो. मागील वर्षी वर्ग सुटल्यावर एक जुना विद्यार्थी थांबला. आता तो एका खासगी कंपनीत नोकरीस आहे. त्याने मोबाइल आमच्यापुढे धरला आणि विचारले, “सर, हा मेसेज खरा की फसवणुकीचा?” मेसेज त्याच्या शेअर दलालाचा होता. त्यात लिहिले होते की, मंगळवारी मुदत संपणाऱ्या तुमच्या सौद्यापोटी शेअर्सची डिलिव्हरी द्यावी लागण्याची शक्यता आहे, तरी शेअर्सची अथवा पुरेशा रकमेची तजवीज करावी. रक्कम पाच लाखांच्या वर होती. आमच्या या विद्यार्थ्याने सौद्यात घातले होते आठ हजार रुपये, आणि मार्जिन म्हणून वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतील काही रक्कम अडकविली होती. आठ हजारांच्या वर तोटा जाऊच शकत नाही, असे त्याला कोणीतरी शिकविले होते.

मेसेज खरा होता. तो खरा का होता, हे त्या दिवशी आम्हाला नीट समजावून सांगता आले नाही, ही गोष्ट आम्ही मोकळेपणाने कबूल करतो. त्यानंतर आम्ही या विषयाचा जो अभ्यास केला तो सभासदांपुढे व विशेषतः विद्यार्थ्यांपुढे मांडत आहोत. शेअरचे नाव आम्ही देत नाही आणि हिशेब सोपा व्हावा म्हणून आकडे गोल केले आहेत.

प्रथम शब्दांचा उलगडा करू. ‘कॉल’ विकत घेणारा हा ठरलेल्या भावाने शेअर विकत घेण्याचा हक्क घेतो. ‘पुट’ घेणारा ठरलेल्या भावाने शेअर विकण्याचा हक्क घेतो. या ठरलेल्या भावाला स्ट्राइक म्हणतात आणि हक्काबद्दल जी किंमत मोजावी लागते तिला प्रीमियम. घेणाऱ्याची गोष्ट सोपी आहे : सोयीचे असेल तर हक्क वापरावा, नसेल तर प्रीमियम बुडाला असे समजावे. विकणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याने प्रीमियम घेऊन स्वतःवर बंधन ओढवून घेतलेले असते. समोरच्याने हक्क बजावला की त्या बंधनाची पूर्तता कोणत्या विकणाऱ्याने करायची, हे क्लिअरिंग संस्था ठरविते. ती जबाबदारी आपल्या नावावर लागणे म्हणजे ‘असाइनमेंट’. बाजारातली मंडळी ‘सौदा अंगावर आला’ म्हणतात, तो शब्द आम्हाला अधिक नेमका वाटतो.

आता ‘कॅलेंडर स्प्रेड’ म्हणजे काय ते पाहू. एकाच शेअरचा, एकाच स्ट्राइकचा जवळच्या महिन्याचा ऑप्शन विकायचा आणि पुढच्या महिन्याचा विकत घ्यायचा. त्यामागील कल्पना अशी की, ऑप्शनच्या किमतीत काळाचे जे मोल असते ते मुदत जवळ येते तसतसे वेगाने झिजते. जवळचा ऑप्शन लवकर झिजेल, दूरचा सावकाश झिजेल आणि दोहोंतील फरक आपल्या पदरात पडेल. कल्पना चुकीची नाही. शेअर स्ट्राइकच्या आसपास रेंगाळला तर तिच्यातून नफाही होतो.

आमच्या विद्यार्थ्याचा सौदा असा होता. शेअरचा भाव ९८० रुपये, एका लॉटमध्ये ५०० शेअर्स. चालू महिन्याचा १,००० स्ट्राइकचा कॉल त्याने १८ रुपयांना विकला आणि पुढील महिन्याचा त्याच स्ट्राइकचा कॉल ३४ रुपयांना घेतला. फरक १६ रुपये, म्हणजे ५०० शेअर्सचे ८,००० रुपये खिशातून गेले. दूरचा कॉल जवळच्यापेक्षा स्वस्त सहसा होणार नाही, म्हणून फार तर हे आठ हजार जातील, असा त्याचा हिशेब. कागदावर तो बरोबर आहे. दोन्ही पाय एकाच वेळी उभे असतील आणि एकाच वेळी काढले जातील, तोपर्यंतच मात्र तो बरोबर आहे.

शेअर वर चढला. मुदतीच्या दिवशी तो १,०६० वर बंद झाला असे धरून हिशेब करू. विकलेल्या कॉलची किंमत आता ६० रुपये. पुढच्या महिन्याच्या कॉलची किंमत सुमारे ७१ रुपये. जवळच्या पायावर ६० वजा १८, म्हणजे ४२ रुपयांचा तोटा. ५०० शेअर्सवर २१,००० रुपये. दूरच्या पायावर ७१ वजा ३४, म्हणजे ३७ रुपयांचा नफा. एकूण १८,५०० रुपये. निव्वळ तोटा २,५०० रुपये. हा आकडा पाहून कोणीही निश्चिंत होईल.

पण ५०० शेअर्स प्रत्येकी १,००० रुपयांनी देण्याचे बंधन त्याच दिवशी अंगावर येते. त्या शेअर्सची बाजारातील किंमत ५,३०,००० रुपये. ते त्याच्या डीमॅट खात्यात नाहीत. त्याच्या हाती आहे तो केवळ पुढच्या महिन्यात ते शेअर्स १,००० ने घेण्याचा हक्क, आणि आपल्याकडील शेअर ऑप्शन हा युरोपियन पद्धतीचा असल्यामुळे तो हक्क मुदतीच्या दिवसापूर्वी बजावताच येत नाही. एखाद्याने पुढच्या हंगामात मिळणाऱ्या धान्याच्या भरवशावर या हंगामातील पोती कबूल करावीत आणि गाडी दारात यावी, तसा हा प्रकार आहे. धान्य मिळणार हे खरे आहे. पण आज कोठार रिकामे आहे.

“दोन्ही सौदे एकाच शेअरचे, मग एक्सचेंज परस्पर वळते का करून घेत नाही?” असा प्रश्न वर्गात विचारला गेला. प्रश्न योग्य आहे. एकाच मुदतीचे सौदे असते तर वळते झालेच असते. उदाहरणार्थ, एक कॉल विकला आणि त्याच मुदतीचे फ्यूचर घेतले, तर देणे-घेणे एकमेकांत मिटते. कॅलेंडर स्प्रेडमध्ये मुदती भिन्न असतात. किंबहुना भिन्न मुदत हाच त्याचा गाभा. म्हणून ज्या गुणामुळे हा सौदा नफा देतो, त्याच गुणामुळे मुदतीच्या दिवशी त्याला संरक्षण मिळत नाही.

येथे थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे, कारण वाचनालयातील जुन्या पुस्तकांत हा धोका सापडणार नाही. आपल्याकडे शेअर्सचे ऑप्शन नॅशनल स्टॉक एक्सचेंजवर २ जुलै २००१ रोजी सुरू झाले. (योगायोग असा की, दलाल स्ट्रीटवरील जुनी बदला पद्धत त्याच दिवसापासून बंद झाली. आमच्या पिढीतील सभासदांना ‘बदला’ आठवत असेल.) आरंभी शेअर्सचे ऑप्शन अमेरिकन पद्धतीचे होते, म्हणजे घेणारा मुदतीपूर्वी केव्हाही हक्क बजावू शके. जानेवारी २०११ च्या करारांपासून ते युरोपियन पद्धतीचे झाले. परंतु या काळात शेअर्स कधी हातात यायचे-जायचे नाहीत, केवळ भावातील फरकाची रक्कम दिली-घेतली जाई. तेव्हा कॅलेंडर स्प्रेडमध्ये मुदतीच्या दिवशी फार तर फरक भरावा लागे. सेबीने एप्रिल २०१८ मध्ये शेअर डेरिव्हेटिव्हजची पूर्तता प्रत्यक्ष शेअर्स देऊन-घेऊन करण्याचा निर्णय केला, आणि जुलै २०१८ पासून टप्प्याटप्प्याने ऑक्टोबर २०१९ पर्यंत तो सर्व शेअर्सना लागू झाला. त्यापूर्वीच्या पुस्तकातून किंवा त्यावर बेतलेल्या टिपणांतून शिकलेला मनुष्य डिलिव्हरीचा विचारच करीत नाही. आमच्या विद्यार्थ्याचे नेमके हेच झाले.

शेअर्स द्यायचे आहेत पण खात्यात नाहीत, तर काय होते? एक्सचेंज लिलावाने ते शेअर्स उभे करते आणि लिलावातील चढा भाव व दंड कसूर करणाऱ्याच्या माथी बसतो. हे टाळण्यासाठी दलाल अखेरच्या काही दिवसांत जादा रक्कम मागतात आणि ती न आल्यास मुदतीच्या दिवशी स्वतःच सौदा कापतात. किती वाजता कापायचा, कोणत्या पायापासून सुरुवात करायची, हे प्रत्येक दलालाच्या नियमांवर असते. खाते उघडताना ज्या कागदांवर आपण न वाचता सह्या करतो, त्यांत ते लिहिलेले असते.

आमच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत मंगळवारी दुपारी दलालाने फक्त विकलेला कॉल ६४ रुपयांना परत घेऊन टाकला. त्या वेळी दूरच्या कॉलला ७२ रुपये मिळत होते. तो तत्काळ विकला असता तर एकूण तोटा ४,००० रुपयांवर थांबला असता. पण ‘हा तर माझा हक्काचा आहे, अजून महिना बाकी आहे’ असे म्हणून त्याने तो ठेवला. ज्या सौद्यात तो तेजी-मंदीचा अंदाज न करता काळाच्या झिजेवर पैसे मिळविण्यासाठी शिरला होता, तो सौदा आता निव्वळ तेजीचा झाला होता, आणि हे त्याच्या ध्यानातही आले नाही. त्याच आठवड्यात शेअर १,०१५ पर्यंत उतरला. शुक्रवारी दूरचा कॉल ३८ रुपयांना विकला गेला. जवळच्या पायावर ४६ रुपयांप्रमाणे २३,००० गेले, दूरच्या पायावर ४ रुपयांप्रमाणे २,००० आले. तोटा २१,००० रुपये. आठ हजारांची जी भिंत त्याने मनाशी धरली होती ती एक पाय निघताच पडली.

त्याच्या आदल्या शुक्रवारी, म्हणजे पहिला मेसेज आला त्या दिवशी, शेअर १,०३० च्या आसपास होता. तेव्हा जवळचा कॉल ३३ ला व दूरचा ४८ ला होता. दोन्ही पाय एकदम काढले असते तर १५ रुपये हाती आले असते आणि पाचशे रुपयांत सुटका झाली असती. तो मेसेज फसवणुकीचा असावा या शंकेत त्याचे दोन दिवस गेले.

पुट वापरून केलेल्या कॅलेंडर स्प्रेडमध्ये चित्र उलटे होते. शेअर स्ट्राइकखाली गेला तर विकलेल्या पुटमुळे शेअर्स विकत घ्यावे लागतात. लॉट ५०० चा व स्ट्राइक १,००० चा असेल तर पाच लाख रुपये रोख. शेअर्स खात्यात येतात, पुढच्या महिन्याचा पुट हाती असल्यामुळे त्यांच्या घसरणीपासून बऱ्याच अंशी संरक्षणही असते. म्हणजे तोट्याची बाजू बांधलेली, पण पाच लाख रुपये महिनाभर अडकलेले. ते नसतील तर संरक्षणाचा उपयोग काय? धोका दोन प्रकारचा असतो : पैसे बुडण्याचा आणि पैसे वेळेवर न उभे राहण्याचा. गिरणीत किंवा रेल्वेत आयुष्य काढलेल्या आमच्या सभासदांना यातील दुसरा धोका सांगण्याची गरज नाही. कॅलेंडर स्प्रेडच्या शिकवणीत मात्र तो क्वचितच सांगितला जातो.

शेअर नेमका स्ट्राइकपाशी घुटमळत असेल तर गोष्ट आणखी अवघड होते, आणि गंमत अशी की कॅलेंडर स्प्रेडला सर्वांत जास्त नफा तेथेच असतो. मुदतीच्या दिवशी शेअर ९९९ व १,००१ यांच्यात हलत असेल, तर पडद्यावर दिसणारा शेवटचा भाव आणि एक्सचेंजचा अधिकृत बंद भाव यांत फरक पडू शकतो, आणि डिलिव्हरी अधिकृत बंद भावावर ठरते. आपल्याकडे नफ्यात संपणारा प्रत्येक ऑप्शन आपोआप बजावला जातो, म्हणून १,००० च्या वर काही पैशांनी जरी बंद भाव आला तरी पूर्ण लॉटची डिलिव्हरी लागू होते. शेवटच्या तासापर्यंत थांबून उरलासुरला एक रुपया मिळविण्याचा मोह येथे फार महागात पडतो. आमच्या मते हा रुपया सोडून द्यावा.

निर्देशांकाच्या ऑप्शनमध्ये, उदाहरणार्थ निफ्टीमध्ये, हा प्रश्न नाही. ते युरोपियन आहेत आणि त्यांची पूर्तता रोखीने होते. निर्देशांक कोणाला डिलिव्हर करता येत नाही. तथापि जवळच्या पायाचा तोटा रोख भरावा लागतो, दूरच्या पायाचा नफा तो विकेपर्यंत कागदावरच राहतो. शिवाय दोन मुदतींचे सौदे असल्याबद्दल मार्जिनमध्ये जी सवलत मिळते, ती सेबीच्या १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार १ फेब्रुवारी २०२५ पासून निर्देशांकाच्या ऑप्शनमध्ये मुदतीच्या दिवशी त्या दिवशी संपणाऱ्या कराराला मिळत नाही. जवळचा पाय उभा ठेवून त्या दिवसात शिरणाऱ्याकडे वाढीव मार्जिन तयार हवे.

आमच्या काही सभासदांची मुले अमेरिकेत नोकरीस आहेत व तेथील बाजारात व्यवहार करतात. त्यांच्यासाठी धोक्याची जागा निराळी आहे. तेथे शेअर्सचे ऑप्शन आजही अमेरिकन पद्धतीचे आहेत, म्हणजे असाइनमेंट मुदतीच्या दिवसाची वाट पाहत नाही. एरवी कॉल घेणारा लवकर हक्क बजावीत नाही, कारण बजावला की उरलेल्या काळाचे मोल फुकट जाते. त्यापेक्षा कॉल विकणे फायद्याचे. अपवाद लाभांशाचा. समजा, शेअर १०५ डॉलर्सवर आहे, १०० स्ट्राइकच्या जवळच्या कॉलची किंमत ५.२० डॉलर्स, म्हणजे काळाचे मोल केवळ २० सेंट, आणि उद्यापासून शेअर ७५ सेंटच्या लाभांशाशिवाय विकला जाणार आहे. आज कॉल बजावणाऱ्याला ७५ सेंट मिळतात व २० सेंट जातात. तो बजावणारच. ओळखण्याची सोपी खूण अशी की, त्याच स्ट्राइकच्या व मुदतीच्या पुटची किंमत लाभांशापेक्षा कमी असेल, तर विकलेला कॉल अंगावर येण्याची शक्यता बळावते. फार खोल नफ्यात गेलेला पुटही लवकर बजावला जाऊ शकतो, कारण घेणाऱ्याला शेअरची रक्कम आधी मिळून तिचे व्याज पदरात पडते.

असाइनमेंट कोणाच्या नावे लागेल, हे तेथे नशिबावर असते. ऑप्शन्स क्लिअरिंग कॉर्पोरेशन ही १९७३ पासूनची संस्था सभासद दलालांमध्ये यादृच्छिक पद्धतीने वाटप करते आणि दलाल पुढे आपल्या ग्राहकांमध्ये. दहा करार विकले असतील तर तीनच अंगावर येऊ शकतात. सूचना दुसऱ्या दिवशी सकाळी मिळते. तोपर्यंत आपण प्रत्येक करारामागे १०० शेअर्स उसने विकलेले असतो आणि ७५ सेंटप्रमाणे ७५ डॉलर्सचा लाभांशही आपल्याकडून वसूल होतो. अशा वेळी घाबरून दूरचा कॉल बजावू नये. त्यात अजून १.८० डॉलर्सचे काळाचे मोल असेल, तर बजावल्याने करारामागे १८० डॉलर्स पाण्यात जातात. दूरचा कॉल बाजारात विकावा व शेअर्स बाजारातून घेऊन देणे फेडावे. तेथे मुदतीच्या दिवशी आणखी एक फरक आहे : बाजार बंद झाल्यावरही हक्क बजावण्याची सूचना देण्यास घेणाऱ्याला काही वेळ असतो, त्यामुळे बंद भावाला निरुपयोगी वाटलेला ऑप्शनही उशिरा आलेल्या बातमीने अंगावर येऊ शकतो.

इतका तपशील आम्ही का दिला, असे काही सभासद विचारतील. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्यूचर्स व ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. खर्चासह सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख रुपये, आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. २०२३-२४ मध्ये या व्यवहार करणाऱ्यांपैकी ४३ टक्के तिशीच्या आतील होते, आणि तीन-चतुर्थांशांहून अधिक लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांपेक्षा कमी असल्याचे सांगितले होते. पाच लाखांची डिलिव्हरी म्हणजे यांतील बहुतेकांच्या एका वर्षाच्या कमाईपेक्षा मोठी रक्कम. ही मुले आपल्याच वर्गात बसतात, म्हणून हा विषय घेतला.

जे हा सौदा करतात त्यांच्यासाठी आमचे मत असे : सौदा करण्यापूर्वी दोन प्रीमियममधील फरक न पाहता स्ट्राइकला लॉटने गुणावे आणि तेवढी रक्कम उभी करता येईल का ते स्वतःला विचारावे. नसेल तर मुदतीच्या आठवड्यापूर्वीच, आणि दोन्ही पाय एकाच वेळी, सौदा संपवावा. नॅशनल स्टॉक एक्सचेंजवर सप्टेंबर २०२५ पासून मासिक मुदत महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी संपते, पूर्वी ती गुरुवारी संपत असे; जुन्या सवयीने वार मोजू नये.

विद्यार्थ्यांनी पुढील उदाहरण वहीत सोडवून आणावे. शेअरचा भाव १,२४० रुपये, लॉट ४०० चा. चालू महिन्याचा १,२०० स्ट्राइकचा पुट १२ रुपयांना विकला, पुढील महिन्याचा २३ रुपयांना घेतला. मुदतीच्या दिवशी शेअर १,१५० वर बंद झाला व दूरच्या पुटची किंमत ५८ रुपये होती. आरंभी खिशातून किती रुपये गेले? मुदतीला किती रोख रक्कम लागली, आणि त्या बदल्यात मिळालेल्या शेअर्सची बाजारातील किंमत किती? बाजार बंद होण्यापूर्वी जवळचा पुट ५० ला परत घेऊन दूरचा ५८ ला विकला असता तर एकूण तोटा किती झाला असता? आणि बंद भाव नेमका १,२०० आला असता तर डिलिव्हरी लागली असती काय? वह्या पुढील रविवारी सकाळी दहा वाजता तपासल्या जातील.